ते चार गुण माझे

मी कंट्रोलर बोलतोय. टीव्हीला जोडून जे गेम खेळतात ना, त्यांचा. दोन्ही हातांत धरायचा, काळ्या रंगाचा, पाठीवर निळी चिकटपट्टी लावलेला. मला तोंड नव्हतं म्हणून गप्प राहिलो, असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण तोंड असतं तरी मी गप्पच बसलो असतो. तेच मला खातंय, आणि म्हणून आज सगळं सांगून टाकणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्यात दोन छोट्या दांड्या बसवल्या, एक डाव्या अंगठ्यासाठी आणि एक उजव्या. दोन्ही गोल फिरवून पाहिल्या, सोडल्यावर त्या बरोबर मध्यावर येऊन थांबतात का ते बघितलं, आणि मला पुढे सरकवलं. मी पास झालो होतो. तेव्हा मी खरोखर चांगला होतो, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

डब्यातून बाहेर आलो तो एका कचेरीत. झेरॉक्सच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. जाड पडदे, तीन टीव्ही, बसून बसून मध्ये खड्डा पडलेला सोफा, आणि पायात येणाऱ्या वायरी. इथली माणसं दिवसभर गेम खेळत आणि त्याला काम म्हणत. बाहेरच्यांना हे ऐकून हसू यायचं. झेरॉक्सवाले तर जिन्यात भेटले की विचारायचे, ‘‘काय, आज किती राक्षस मारले?’’

पण काम खरंच होतं. नवा गेम आला की तो शेवटपर्यंत खेळायचा, त्यावर परखडपणे लिहायचं, आणि खाली दहापैकी गुण द्यायचे. ते वेबसाइटवर गेले की लोक लेख वाचोत न वाचोत, गुण आधी बघत. कितीतरी घरांत ‘सहा मिळालेत, नको घेऊ’ एवढ्यावर विषय संपायचा.

कचेरीची एक रीत होती. प्रत्येक समीक्षकाचा कंट्रोलर वेगळा, त्यावर वेगळ्या रंगाची पट्टी, आणि दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. हाताची सवय मोडली की निकाल बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. निळी पट्टी आक्कांची. म्हणून मी आक्कांचा झालो.

आक्का तिथल्या सगळ्यांत जुन्या समीक्षक. केस अर्धे पिकलेले, चष्मा कपाळावर, आणि जीभ अशी की गेम बनवणाऱ्या भल्याभल्या कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. लिहिण्याआधी त्या वाक्य मोठ्यानं म्हणून बघत. मला मांडीवर ठेवायच्या, रुमालानं पुसायच्या आणि पडद्याकडे बघत म्हणायच्या, ‘‘या गाड्या इतक्या सुंदर आहेत की आपटायला जिवावर येतं. आठ.’’ तलवारबाजीच्या एका गाजलेल्या गेमबद्दल म्हणाल्या होत्या, ‘‘माणसं एवढी बोलतात की तोवर तलवारी गंजल्या. सहा.’’ भुताच्या गेमला पाच दिले, कारण खेळताना त्यांना डुलकी लागली होती. त्या म्हणायच्या, ‘‘सात म्हणजे भित्र्या समीक्षकाचा आकडा. चांगलं म्हटल्याचंही पाप नको आणि वाईट म्हटल्याचंही.’’ त्यांनी सात क्वचितच दिले.

एकदा एका बड्या कंपनीनं सहाचे आठ करा म्हणून फार गळ घातली. संपादक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते जरा डळमळले. आक्का उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘‘मास्तर, एकदा दिलेले गुण इथं फिरवायचे नाहीत. कुणासाठीही नाही. फिरवायचे असतील तर मी घरी जाते.’’ गुण फिरले नाहीत. तेव्हापासून तो कचेरीचा नियमच झाला आणि आमच्या वेबसाइटचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. मला कोण अभिमान वाटला होता! ज्या हातांत तो शब्द तयार व्हायचा त्याच हातांत मी होतो.

आता माझ्या खोडीकडे येतो.

दांडी फिरून फिरून झिजते. माझी डावी दांडी सोडल्यावर मध्यावर यायची, पण पुरती यायची नाही. केसभर डावीकडे कललेली राहायची. सकाळी गार असताना ठीक असायचं, हाताच्या उबेनं तापलो की घसरायला लागायची. मोठ्या गेममध्ये हे कळत नसे, कारण एवढ्यातेवढ्या हालचालीकडे ते गेम कानाडोळा करतात. आणि आक्कांचा अंगठा इतका शहाणा, की तो आपोआप मला किंचित उजवीकडे दाबून धरायचा. त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता. मी डावीकडे ओढायचो, तो उजवीकडे. आमचा संसार असा चालला होता.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते चष्मिसच्या. तो आक्कांच्या शेजारच्या टीव्हीपुढे बसणारा समीक्षक, वयानं लहान, पिवळ्या पट्टीचा. आक्का चहा घ्यायला उठल्या होत्या आणि मी सोफ्यावर पडलो होतो. पडद्यावरच्या यादीतला निवडीचा चौकोन आपला आपण सरकत होता.

‘‘आक्का, तुमचा कंट्रोलर घसरतोय. बदलून टाका.’’

‘‘तू तुझं बघ रे. आमचं दोघांचं जमतं.’’

‘‘एकदा तपासू तरी द्या.’’

‘‘उद्या सकाळी तपास. आत्ता मी खेळतेय.’’

रात्रभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दाराजवळ पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. बिघडलेले कंट्रोलर त्यात जात आणि तिथून भंगारात. लाल पट्टीवाला माझ्यासमोर गेला होता. सकाळी चष्मिसनं मला तपासायच्या यंत्राला जोडलं. पडद्यावर एका वर्तुळात एक ठिपका आला, म्हणजे माझी डावी दांडी. मी गार होतो. तरी आतून ती कलू पाहत होती, ते मला जाणवत होतं. मी सगळा जीव त्या दांडीत गोळा केला आणि तिला मध्यावर घट्ट धरून ठेवलं.

ठिपका हलला नाही.

‘‘ठीक दिसतोय,’’ चष्मिस डोकं खाजवत म्हणाला. ‘‘सॉरी हं, आक्का.’’

‘‘मी म्हटलं नव्हतं?’’ आक्कांनी मला उचललं आणि रुमालानं पुसलं. वाचलो म्हणून मला इतका आनंद झाला की दुसरं काही मनातच आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो छोटा गेम आला. ‘भिंतीवरची वाट’. एका बहीणभावानं मिळून बनवलेला. त्यात एक मुलगी हातात कंदील घेऊन गावाच्या भिंतींवरून चालत जाते आणि विझलेले दिवे लावते. ना तलवार, ना गाड्या. नुसता तोल. दिव्यापाशी पोचलं की वात धरेपर्यंत तिनं अरुंद भिंतीवर स्थिर उभं राहायचं, एवढाच काय तो खेळ. पण तेवढ्यासाठी त्या दोघांनी दांडीची बारीकात बारीक हालचाल गेममध्ये धरली होती. कानाडोळा अजिबात नाही.

आक्का उत्साहानं बसल्या. चित्र बघून ‘‘वा!’’ म्हणाल्या. भिंतीवरून मुलगी चालायला लागली तेव्हा त्या पुढे सरकून बसल्या. ‘‘काय चाल दिलीय हिला! खरी मुलगी चालावी तशी.’’

पहिला दिवा लागला, दुसराही लागला. तोवर मी जेमतेम कोमट होतो; माझी ओढ आणि आक्कांच्या अंगठ्याचा जोर बरोबरीनं चालले होते. मग तापलो.

तिसऱ्या दिव्यापाशी मुलगी उभी राहिली आणि आपोआप डावीकडे सरकली. आक्कांच्या अंगठ्यानं सवयीनं उजवीकडे जोर दिला. मोठ्या गेममध्ये तेवढा जोर कुणाच्या खिजगणतीत नसतो, पण इथं ती पार उजवीकडे झुकली. मग डावीकडे. मग पडली. आक्कांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पडली. दिवसभर त्या खेळल्या, दुसऱ्या दिवशीही खेळल्या. शेवटपर्यंत पोचल्या, पण घायकुतीला येऊन. शेवटच्या दिव्यापाशी ती मुलगी किती वेळा पडली असेल ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी मीच तिला ढकलत होतो, हे मात्र मला कळत होतं.

मी काय करू शकत होतो? माझी थरथर होते, ती गेमनं सांगितली तरच. दिवा लुकलुकतो, तोही हुकमानं. हे सगळं खरं आहे. पण एकदा मला पकडायला आलेल्या माणसाला मी फसवलं होतं, हेही खरं आहे. त्या सकाळी ठिपका हलू दिला असता तर मी खोक्यात गेलो असतो आणि ही मुलगी उभी राहिली असती.

आक्कांनी मला मांडीवर ठेवलं आणि वाक्य म्हणून बघितलं. ‘‘चित्र देखणं, चाल सुरेख, पण ही मुलगी माझं ऐकत नाही.’’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘ज्या खेळात नुसता तोल आहे, त्यात तोलच फसला तर उरतं काय? चार.’’

चष्मिसनं मान वर केली. तोही हा गेम घरी थोडासा खेळला होता. ‘‘मला तर बरा वाटला, आक्का.’’

‘‘तू शेवटपर्यंत खेळलास?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

तो पुन्हा आपल्या टीव्हीकडे वळला. आक्कांपुढे कोण बोलणार?

‘ही मुलगी ऐकत नाही’ हे वाक्य सगळीकडे पसरलं. लोकांनी त्यावर विनोद केले. एवढ्या लहान गेमवर लिहिणारे मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी आठ, साडेसात असं दिलं होतं. आमच्या चार गुणांनी सरासरी सातच्या खाली ओढली.

आणि सगळं त्या सातावरच अडलं होतं. ते आम्हाला नंतर कळलं, जेव्हा त्या बहिणीनं मास्तरांना फोन केला. एक मोठी कंपनी हा गेम सगळ्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या हरेक गेमयंत्रावर, नेणार होती, पण पहिल्या दिवशी समीक्षकांची सरासरी निदान सात आली तरच. नाही आली तर त्या दोघांना आपलं छोटं ऑफिस बंद करावं लागणार होतं.

‘‘गुण वाढवा असं नाही म्हणत आम्ही,’’ ती फोनवर म्हणत होती. मास्तरांनी स्पीकर लावला होता. ‘‘फक्त मॅडम खेळताना आम्हाला एकदा बघू द्या. आमचं काय चुकलं ते आम्हाला सापडतच नाहीये.’’

मास्तरांनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांचा चेहरा कडक झाला होता, पण त्या म्हणाल्या, ‘‘येऊ देत. डोळ्यांनी बघतील.’’

दोघं आली. ताई जरा थोराड, बोलकी. भाऊ बारीक, हाताची नखं खाणारा. सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसली. आक्का सकाळपासून दुसरा गेम खेळत होत्या, म्हणजे मी चांगला तापलेलो होतो. त्यांनी ‘भिंतीवरची वाट’ लावला. तिसऱ्या दिव्यापाशी मुलगी उभी राहिली, झुकली, पडली.

‘‘बघितलंत?’’

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘ती माझी चाल आहे, मॅडम. मी घराच्या कुंपणावर चालायचे आणि हा चित्रण करायचा. मी नाही अशी पडत.’’

भाऊ मात्र पडद्याकडे बघतच नव्हता. तो आक्कांच्या अंगठ्याकडे बघत होता.

‘‘मॅडम, मुलगी दिव्यापाशी उभी करा. आणि मग कंट्रोलर टेबलावर ठेवा.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘हात सोडा. कुणीच हात लावू नका.’’

आक्कांनी मला टेबलावर ठेवलं. सगळे वाकून पडद्याकडे बघायला लागले. मी दांडी धरून ठेवायचा प्रयत्न केला. खरं सांगतो, त्याही वेळी केला. पण तापलेलो होतो, जमलं नाही. मला कुणाचाही हात लागलेला नव्हता आणि पडद्यावरची मुलगी आपली आपण डावीकडे चालत गेली आणि भिंतीवरून खाली पडली.

 खालच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन तेवढं ऐकू येत होतं. चष्मिसनं चष्मा काढला आणि पुसत बसला. ‘मी म्हटलं होतं’ असं तो म्हणू शकला असता, पण म्हणाला नाही.

आक्कांनी मला उचललं. रुमाल शोधला, सापडला नाही, मग तशाच हातात धरून राहिल्या. ‘‘ऐकत नव्हता तो हा,’’ एवढंच म्हणाल्या.

मग मास्तरांकडे वळल्या. ‘‘गुण मागे घ्या. मी नव्यानं खेळते.’’

‘‘आक्का, नियम तुमचाच आहे.’’

‘‘माहीत आहे. मोडा.’’

डब्यातून कोरा कंट्रोलर निघाला. त्यावर पट्टी लावायलाही त्या थांबल्या नाहीत. मी टेबलावरून बघत होतो. मनात म्हणत होतो, आता सगळं सुरळीत होईल, आता उभी राहील ती. मुलगी पहिल्याच दिव्यापाशी थांबली आणि उजवीकडे पडली.

आक्कांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा उजवीकडे. नव्या कंट्रोलरमध्ये काही खोट नव्हती. खोट आता आक्कांच्या अंगठ्यात होती. मला सावरता सावरता तो कायमचा उजवीकडे दाबायला शिकला होता. त्यांनी अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला. गेम बिघडवला तो बिघडवलाच, पण ज्या हातानं मला इतकी वर्षं पुसलं तो हातही मी बिघडवून ठेवला होता. यापेक्षा खोक्यात गेलेलं काय वाईट होतं!

‘‘चष्मिस,’’ आक्का हळूच म्हणाल्या, ‘‘तू खेळ. शेवटपर्यंत. माझी भीड धरू नकोस.’’

चष्मिस खेळला आणि त्यानं आठ दिले. त्या लेखाच्या वर आक्कांनी स्वतःचं निवेदन घातलं. या वेळी वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं नाही, सरळ टाइप केलं. ‘या गेमला मी दिलेले चार गुण पुसत नाही. फक्त ते कुणाला मिळाले ते चुकीचं छापलं गेलं. ते माझ्या हातातल्या कंट्रोलरला मिळाले होते, आणि सावध करूनही तो न बदलणाऱ्या मला.’

मग त्यांनी त्या मोठ्या कंपनीला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी आक्कांना कुणाची मनधरणी करताना ऐकलं. पलीकडचे साहेब अगदी नम्रपणे बोलत होते.

‘‘मॅडम, आम्ही पहिल्या दिवशीचेच गुण धरतो. आणि तुमच्याकडे गुण फिरवत नाहीत, म्हणून तर तुमचे गुण आम्ही सगळ्यांत जास्त मानतो.’’

आक्कांनी फोन ठेवला.

बहीणभावाचं ऑफिस बंद झालं. ताई तिकिटांची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली, तिथं यंत्राच्या पडद्यावरची बटणं आखून द्यायची. भाऊ शिकवण्या घ्यायला लागला. हे आम्हाला आक्कांकडून कळायचं, कारण त्या अधूनमधून ताईला फोन करायच्या. माफी मागून झाली होती, पण फोन करायच्या.

आक्कांनी जुने निकालही उकरून काढले. ‘हाताखाली राहत नाही’, ‘उनाड आहे’, ‘ऐकत नाही’ असं जिथं जिथं लिहिलं होतं ते गेम चष्मिसनं पुन्हा खेळून बघितले. बऱ्याच ठिकाणी आक्का बरोबरच निघाल्या. काही ठिकाणी मी मध्ये होतो. तिथं दुरुस्ती छापली, पण त्यातल्या एका गेमच्या कर्त्याचा फोन आता लागतच नव्हता.

मी मात्र खोक्यात गेलो नाही. आक्कांनी जाऊ दिलं नाही. कचेरीत नवी रीत सुरू झाली. कुठलाही निकाल लिहिण्याआधी समीक्षकानं आपला कंट्रोलर टेबलावर ठेवायचा, हात सोडायचे आणि पडद्यावरचं माणूस जागच्या जागी उभं राहतं का ते बघायचं. नवा समीक्षक आला की आधी मला जोडून दाखवतात, बिघडलेला कसा घसरतो ते. माझी निळी पट्टी अजून आहे. ते लोक मला बघून हसतात, आणि हसावं हेच बरं.

वाचकहो, तुम्ही समीक्षक नसाल, पण गुण तर तुम्हीही देत असाल. मुलांना, सुनांना, शेजाऱ्यांना. ‘ऐकत नाही’ म्हणायच्या आधी आपल्या हातात काय आहे ते एकदा खाली ठेवून बघा, एवढीच या झिजलेल्याची विनंती.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. परवा ताई आणि भाऊ पुन्हा आले. दोघंही दमलेले, कामावरून परस्पर आलेले. सुट्टीच्या दिवशी बसून त्यांनी गेममध्ये एक नवी सोय केली होती.

‘‘आक्का, तुमचा तो कंट्रोलर आहे ना अजून?’’ ताईनं विचारलं. ‘‘तोच हवाय. इतका वाईट दुसरा मिळाला नाही आम्हाला.’’

सगळे हसले. आक्काही हसल्या, आणि मला उचलून रुमालानं पुसलं. मला टीव्हीला जोडलं. मी तापावं म्हणून चष्मिस मुद्दाम मला घेऊन दुसरं काहीतरी खेळत बसला. मग ‘भिंतीवरची वाट’ लावला. सुरुवातीलाच पडद्यावर शब्द आले, ‘कंट्रोलर खाली ठेवा. हात सोडा. तो किती थकलाय ते बघू दे.’

‘‘म्हणजे तो जेवढा घसरतो तेवढं गेम आधीच वजा करतो,’’ भाऊ नखं खात समजावत होता. ‘‘कुणाचाही जुना कंट्रोलर असला तरी ती पडणार नाही. सगळेच काही नवे घेऊ शकत नाहीत ना.’’

ज्यांचं ऑफिस माझ्यामुळे बंद पडलं, ते दोघं माझ्यासारख्यांसाठी सोय करून आले होते. मला शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, हे सोसवत नव्हतं.

ते बघून झाल्यावर आक्कांनी अंगठ्याला आवर घालत मुलीला तिसऱ्या दिव्यापाशी नेलं. मला टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मी या वेळी दांडी धरून ठेवली नाही, लपवायचं काही उरलंच नव्हतं. ती नेहमीसारखी डावीकडे कलली. मुलगी भिंतीवर उभी राहिली. वात धरेपर्यंत उभी राहिली, आणि दिवा लागला.